किल्ल्या हरवलेलं कुलूप ड्रिलने उघडताना: भोक कुठे, किती खोल, आणि कुठल्या कुलपाला ड्रिल लावूच नये

खिळेमोळे

किल्ली सापडत नाही म्हटलं की लोक ड्रिल काढतात आणि किल्लीच्या खाचेत मधोमध भोक पाडायला घेतात. भरपूर किस उडतो, खाच मोठी होते, कुलूप मात्र उघडत नाही. शेवटी किल्लीवाल्याला बोलवावंच लागतं आणि त्याचं काम आता दुप्पट अवघड झालेलं असतं. म्हणून हा धागा. कुलूप स्वतःचं आहे किंवा मालकाने उघडायला सांगितलंय, हे गृहीत धरतो.

आधी आत काय आहे ते. दारांना असतात त्यांतली बरीचशी कुलपं पिनांची. बाहेर न फिरणारं घर, त्यात फिरणारा गोल गाभा, त्याला प्लग म्हणतात. दोन्ही मिळून सिलिंडर. घरातून प्लगमध्ये पिनांच्या जोड्या उतरलेल्या असतात, प्रत्येक जोडीमागे एक बारीक स्प्रिंग. किल्ली नसताना मागची पिन अर्धी घरात आणि अर्धी प्लगमध्ये असते, म्हणून प्लग अडतो. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका प्लगच्या कडेवर येतो. आपल्याला ड्रिल चालवायचंय ते याच कडेवर, कारण सगळ्या पिना एकामागे एक तिथूनच जातात. त्या कापल्या की प्लगला धरून ठेवणारं काही उरत नाही.

लागणारं सामान: वेग कमी-जास्त होणारं ड्रिल, ३ मिमी आणि ६ मिमीचे एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट (३ चे दोन ठेवा, एक तुटतोच), सेंटर पंच (खूण पाडायची टोकदार ठोकणी), हातोडी, चपटा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला किंचित वाकवलेली कडक तार, टॉर्च, चिकटपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा. नंबरचा चष्मा चालत नाही, कारण किस बाजूने आत जातो. हातमोजे मात्र घालू नका, फिरता बिट कापड ओढून घेतो.

क्रम असा:

ड्रिलचा हॅमर मोड बंद. प्लगची गोल कड आणि खाचेची रेषा जिथे भेटतात तिथे, पिनांच्या बाजूला, सेंटर पंचने ठळक खड्डा. पंच न मारता सुरू केलं की बिट गुळगुळीत पितळेवरून घसरून खाचेत शिरतो.

३ मिमीच्या बिटला टोकापासून हवी ती खोली मोजून चिकटपट्टी गुंडाळा. नेहमीच्या सिलिंडरात पहिली पिन तोंडापासून सुमारे ६ मिमी आत, पुढची प्रत्येक साधारण ४ मिमीवर. म्हणजे पाच पिनांत शेवटची २२ मिमीच्या आसपास आणि सहा पिनांत २६. पाचांसाठी २५ मिमी खोली धरा, सहांसाठी २८ ते ३०.

बिट प्लगला समांतर, अगदी सरळ. पिन लागली की हाताला हलका अडथळा जाणवतो, ती कापली गेली की बिट एकदम सैल पुढे जातो. हे धक्के मोजत जा, किती पिना गेल्या ते कळतं. दर पिनेनंतर बिट बाहेर काढून किस झटका.

मग ६ मिमी, त्याच खोलीपर्यंत. तारेने भोकातले स्प्रिंगांचे आणि पिनांचे तुकडे ओढून काढा. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घालून फिरवा. फिरला नाही तर जोर लावू नका, तार पुन्हा घाला. नव्वद टक्के वेळा शेवटची पिन अर्धवट राहिलेली असते.

चौकट

उत्तम लिहिलंय. एक भर घालतो, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारी भोकं इथेच पडतात: "पिनांची बाजू" कुठली हे आधी ठरवा. गोल रिम सिलिंडर (दाराच्या आतून लावलेल्या पेटीकुलपाचा) आणि नॉब लॉक (मुठीतच कुलूप असलेलं) बहुधा पिना वर येतील असे बसवतात. दाराच्या आरपार जाणारा युरो प्रोफाइल सिलिंडर, म्हणजे वर गोल आणि खाली चपटी पट्टी असलेला, बहुतेक दारांत पट्टी खाली ठेवून बसवलेला असतो आणि त्याच्या पिना त्या पट्टीत, म्हणजे खाली असतात. तिथे "खाचेच्या वर" भोक पाडलं तर नुसतं पितळ कापलं जातं, एकही पिन लागत नाही. काही ठिकाणी तोच सिलिंडर उलटाही बसवलेला आढळतो.

ओळखायचं असं: टॉर्च तिरपा धरून खाचेत बघा. एका कडेला पहिल्या पिनेचं टोक चमकताना दिसतं. तारेने हलकं दाबलं तर ते स्प्रिंगवर मागे जातं आणि परत येतं. जिकडे हे, तिकडे ड्रिल.

सुतारपक्षी

युरोच्या खोलीबद्दलही. ३०/३० सिलिंडर म्हणजे त्याला दाराच्या कडेतून धरणाऱ्या स्क्रूच्या मध्यापासून दोन्हीकडे ३० मिमी. मधला कॅम, म्हणजे प्लगबरोबर फिरून जीभ सरकवणारा तुकडा, १० मिमी रुंद, म्हणजे बाहेरच्या बाजूचं अंग फक्त २५ मिमी. तिथे ३० मिमी खोल गेलात तर बिट कॅमवर आदळेल. कॅम वाकला किंवा त्यात तुकडा अडकला तर प्लग फिरूनही कुलपाची जीभ मागे येणार नाही. लहान युरोला २४-२५ ला थांबा.

मी_अनभिज्ञ

दार उघडंच असेल आणि फक्त सिलिंडर बदलायचा असेल, तर दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढून सिलिंडर ओढून घेता येणार नाही का? ड्रिल कशाला?

सुतारपक्षी

@मी_अनभिज्ञ, किल्ली असेल तरच. कॅम विश्रांतीच्या जागी थोडा तिरपा बाहेर आलेला असतो आणि तोच सिलिंडरला कुलपात अडकवून ठेवतो. किल्लीने थोडं फिरवून तो सिलिंडरच्या अंगाशी सपाट आला की मगच सिलिंडर सरकतो. आतल्या बाजूला फिरवायची मूठ असेल तर मात्र तुमचं बरोबर आहे, मूठ फिरवत फिरवत सिलिंडर हलकेच ओढा, सुटतो. दोन्ही बाजूंना किल्ली आणि एकही किल्ली नाही, तर उघड्या दारातही ड्रिलच. तेव्हा निदान आतल्या बाजूने करा, दारावरची बाहेरची पट्टी खराब होणार नाही.

कानस

मूळ लेखात एक गोष्ट राहिली आणि ती चांगल्या कुलपांत हमखास नडते. प्लगच्या तोंडाजवळ किंवा पहिल्या दोन-तीन पिनांच्या जागी कडक केलेल्या पोलादाच्या सळया नाहीतर गोळ्या बसवलेल्या असतात, खास ड्रिल अडवायला. लक्षण: बिट ३-४ मिमी मजेत जातो, मग किंचाळतो, किस यायचा थांबतो, भोकाचा तळ आरशासारखा चकचकीत होतो. इथे लोक वेग वाढवतात आणि अंगभार टाकतात. टोक तापून निळं पडतं, बिटचं पाणी उतरतं म्हणजे कडकपणा जातो, आणि घासून घासून खालचं पोलाद आणखी गुळगुळीत होतं.

थांबा. वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या खाली आणा, कोबाल्टचा बिट लावा (एम-३५ मध्ये ५ टक्के कोबाल्ट, एम-४२ मध्ये ८), दाब ठाम आणि सतत, कटिंग ऑइलचे दोन थेंब. तरी नाही गेलं तर टंगस्टन कार्बाइड. कार्बाइड कडक पण ठिसूळ, हात जरा हलला की कोपरा उडतो. गोळी सैल बसलेली असेल तर ती बिटखाली फिरत राहते आणि कुठलाच बिट तिला कापत नाही. पंच ठेवून दोन-तीन कडक ठोके दिले तर कधी ती फुटते, कधी बाजूला सरकते.

खिळेमोळे

@कानस, मान्य. फक्त ऑइल पोलादापुरतंच. पितळ कोरडं कापायचं. तेल टाकलं की पितळेचा भुसा आणि तेल यांचा घट्ट लगदा होतो, तो पिनांच्या भोकांत बसतो आणि कापलेले तुकडे तारेने निघत नाहीत.

पान्हा_नं_१३

३ वरून ६ वर जाताना बिट पितळेत "धरतो", म्हणजे स्क्रूसारखा आत ओढला जातो. ड्रिल मनगट पिरगळतं, नाहीतर बिट तुटतो. कारण साध्या बिटच्या धारेचा कोन लोखंडासाठी असतो, पितळेसाठी फार आक्रमक. मधे ४.५ घ्या असं सांगितलं जातं, त्याने उलट वाढतं, कारण धारेला कापायला पातळ कडच उरते. उपाय सोपा: ६ मिमीच्या बिटच्या दोन्ही धारांच्या पुढच्या तोंडावर ऑइल स्टोन उभा धरून तीन-चारदा घासा, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी सपाट पट्टी यायला हवी. बिट आता खरवडत जातो, ओढत नाही. तो बिट पुढे लोखंडाला नीट चालणार नाही, पितळेसाठी वेगळा ठेवा.

कानस

हे फार कमी लोक करतात. +१.

जिना_चढणारी

प्लग फिरायला लागला, अर्धा फेरा गेला आणि तिथेच घट्ट बसला. आता ना पुढे ना मागे. हे कशामुळे होतं?

चौकट

@जिना_चढणारी ताई, प्लग अर्धा फिरला की किल्लीच्या खाचेची उघडी बाजू घरातल्या उरलेल्या पिनांसमोर येते. स्प्रिंगा त्या पिनांना खाचेत ढकलतात आणि प्लग पुन्हा कुलूपबंद. ड्रिलने सगळ्या मागच्या पिना पूर्ण निघाल्या नसतील तर हे होणारच. जिथे जीभ मागे यायला एक किंवा दोन पूर्ण फेरे लागतात, तिथे जास्त.

सोडवायला: पातळ पट्टी (जुन्या हॅकसॉ ब्लेडचा घासून बारीक केलेला तुकडा चालतो) खाचेत पूर्ण आतपर्यंत सरकवा, म्हणजे पिना परत घरात ढकलल्या जातात. ती पट्टी आत ठेवूनच फिरवा. आधीपासून टाळायचं तर स्क्रू ड्रायव्हर असा निवडा जो खाच जवळजवळ भरून टाकेल आणि तो टोकापर्यंत घाला. नुसतं तोंडाशी टेकवून फिरवलं की मागच्या पिनांना मोकळी जागा मिळते.

सुतारपक्षी

आणि प्लग फिरतो पण दार उघडत नाही, अशी तक्रार आली तर लगेच सिलिंडरवर पुन्हा चढू नका. आधी दार आपल्याकडे ओढून, मग ढकलून, मग मुठीला धरून किंचित उचलून फिरवून बघा. लटकलेल्या दाराची जीभ चौकटीच्या पट्टीत रुतून बसते. वर-खाली-मधे अशी तीन ठिकाणी अडकणारी कुलपं असतात त्यांत आतली पेटीच मोडलेली असू शकते. तिथे सिलिंडर निर्दोष असतो आणि तो फोडून काही मिळत नाही.

मी_अनभिज्ञ

ऑफिसच्या टेबलाचा ड्रॉवर आणि फाइलींचं कपाट यांना पण हीच पद्धत?

पान्हा_नं_१३

नाही, तिथे उलट. ती कॅम लॉक, म्हणजे मागे फिरणारी पट्टी (कॅम) अडकवून बंद होणारी. आत पिना नसून पातळ पत्र्याच्या चकत्या असतात आणि किल्लीची खाच त्या चकत्यांमधूनच जाते. म्हणून इथे भोक खाचेतच पाडायचं: ३, मग ६, मग ८ किंवा १०, खोली २० मिमीच्या आत. अंग बहुधा जस्ताचं ओतीव, मऊ असतं, दोन मिनिटांचं काम. अडचण एकच: मागचं नट सैल असेल तर सगळं कुलूपच बिटबरोबर गरगर फिरतं. व्हाइस ग्रिपने (आवळून अडकवता येणारी पकड) पुढची कड घट्ट धरा.

पण ड्रिलच्या आधी दोन गोष्टी. कुलपाच्या तोंडावर आकडा कोरलेला आहे का बघा. फर्निचरच्या बऱ्याच कुलपांवर तो असतो आणि त्या आकड्यावरून किल्ली नवी मिळते किंवा कापून घेता येते. आणि ड्रॉवरच्या वरचा किंवा मागचा पत्रा चार स्क्रूंवर असेल तर तो काढून कॅमच्या मागच्या स्क्रूपर्यंत हात पोचतो, मग कुलूप शाबूत राहतं.

एकाच कुलपाने तीन ड्रॉवर बंद होत असतील तर ड्रिल करताना सगळे आत दाबून ठेवा. एखादा जरी ओढलेला असला तरी मागच्या पट्टीवर ताण येतो आणि कॅम फिरत नाही.

जिना_चढणारी

नवं घेताना बाह्यमाप १९ मिमी की १६, अंगाची लांबी, कॅमची लांबी, तो सरळ की पायरीसारखा वाकलेला, आणि ९० अंश फिरतो की १८०, एवढं लिहून न्यावं. जुना कॅम टाकू नका, बहुतेक वेळा नव्या कुलपाला तोच लावता येतो.

दारकरी

लटकत्या कुलपाबद्दल कुणी बोललं नाही, कारण तिथे ड्रिल हा शेवटचा पर्याय. लोंबणारी वस्तू ड्रिलखाली स्थिर राहत नाही. व्हाइस ग्रिपने धरून मागे लाकडाचा ठोकळा अडकवला तर पितळी अंगाच्या पिनवाल्या कुलपाला वरचीच पद्धत लागू पडते, भोक खालच्या तोंडातून. पण त्याआधी कोयंडा बघा. कुलपाची कडी पाणी दिलेल्या पोलादाची, कोयंडा मात्र साध्या लोखंडाचा. तो हॅकसॉनेही कापला जातो आणि बदलायला सोपा.

ग्राइंडरने कडी कापायची तर १ मिमी जाडीची कटिंग चकती. स्वस्त कुलपांत कडीचा एकच पाय अडकलेला असतो, एक काप पुरतो, मग कडी फिरवून काढता येते. भारी कुलपांत दोन्ही पाय अडकतात, तिथे दोन काप लागतात. पहिल्या कापानंतर कडी हलत नाही म्हणून पिळत बसू नका. ठिणग्या तीन-चार मीटर जातात. पडदे, थिनर, सायकलचं सीट आधी हलवा, आणि कापलेली कडी लगेच हातात घेऊ नका.

कानस

लिव्हरच्या कुलपांचं सांगा कुणीतरी. लोक तिथेही पिना शोधत बसतात.

दारकरी

लिव्हर कुलूप म्हणजे लांब दांड्याची, टोकाला खाचा असलेली किल्ली. किल्लीच्या भोकातून आरपार दिसू शकतं किंवा निदान आत मोकळी जागा असते. पिना नाहीत. पितळेच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीला एक खिडकी, आणि जिभेला जोडलेला एक खुंट त्या खिडक्यांतून सरकतो. किल्लीने सगळ्या पट्ट्या बरोबर उंचीवर आल्या तरच खुंट पुढे जातो. ड्रिलने उघडायचं तर तो खुंट किंवा त्याच्या आसपासच्या पट्ट्या गाठायच्या. तो कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही आणि प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. अंदाजाने चार भोकं पाडून दाराची चाळणी होते. त्याच मॉडेलचं दुसरं कुलूप हाताशी असेल तर त्यावरून माप घेऊन कागदावर खूण काढता येते. नसेल तर जाणकाराला बोलवा, त्याच्याकडे मापांचे साचे असतात.

काही लिव्हर कुलपांत एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली की मुद्दाम अडकून बसेल अशी सोय असते. जेरेमाया चबने १८१८ साली पेटंट घेतलेली हीच कल्पना. तारेने खाटखूट करून मग ड्रिल घेतलं तर आधीच अडकलेल्या कुलपावर काम करावं लागतं.

चौकट

तिजोरीला ड्रिल लावू नका, एवढं एक वाक्य ठळक करा. चांगल्या तिजोरीत कुलपाच्या समोर कडक पोलादी पत्रा असतो आणि शिवाय रिलॉकर असतो: कुलपावर हल्ला झाला की स्प्रिंगवरचा खिळा सुटतो आणि दांड्या कायमच्या अडकवतो. काहींत त्यासाठी काचेची पट्टी असते, ती तडकली की रिलॉकर सुटतो. त्यानंतर बरोबर किल्ली सापडली तरी दार उघडत नाही. जुन्या अग्निरोधक तिजोऱ्यांच्या भिंतीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तो भुसा घरात उडवण्यासारखा नाही.

मी_अनभिज्ञ

आणि बॅटरी संपलेलं डिजिटल लॉक?

पान्हा_नं_१३

बऱ्याच मॉडेलांत खालच्या कडेला दोन धातूचे ठिपके असतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यांना टेकवून धरा आणि आकडे दाबा. झाकणाखाली किल्लीचं भोकही लपलेलं असतं. ड्रिलचा प्रश्नच येत नाही.

जिना_चढणारी

आवरण्याबद्दल. खाली ओला कागद पसरला की किस उडत नाही. कुलपांच्या पितळेत ते सहज कापलं जावं म्हणून २-३ टक्के शिसं घातलेलं असतं. तोंडाने फुंकू नये, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पायदळी किस राहू देऊ नये, तळपायात रुतला तर दिसतही नाही. चुंबक फिरवून उपयोग नाही, पितळ चिकटत नाही.

खिळेमोळे

@जिना_चढणारी, चांगली भर. नव्या युरो सिलिंडरचं माप: जुना बाहेर आल्यावर स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत आणि आतल्या टोकापर्यंत वेगवेगळं मोजा. ३५/३० आणि ३०/३५ एक नव्हे, कुठली बाजू बाहेरची ते लिहा. दारावरच्या पट्टीच्या बाहेर सिलिंडर २-३ मिमीपेक्षा जास्त डोकावू नये, जास्त डोकावला की पकडीत सापडतो आणि स्क्रूच्या भोकापाशी मोडतो. पूर्वीची पट्टी जाड असेल तर तीही धरून मोजा.

सुतारपक्षी

स्क्रू एम-५ असतो. दाराच्या कडेवर जीभ जिथून बाहेर येते त्या पट्टीपासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, त्यापेक्षा ५ ते १० मिमी लांब स्क्रू पुरतो. आधी हाताने लावा, कॅम थोडा हलवत. पहिल्या दोन आट्यांतच अडला तर सिलिंडर पूर्ण आत गेलेला नाही. ड्रायव्हर मशीनने आवळू नका, जास्त आवळला की सिलिंडर वाकडा बसतो आणि नवी किल्ली पहिल्या दिवसापासून जड फिरते. दार उघडं ठेवून सगळ्या किल्ल्या दोन्ही बाजूंनी पूर्ण फेरे फिरवून बघा, मगच बंद करा.